शेड दोनमधला अंधार

लिंबाजीमामा विसरत नव्हते. हे वाक्य आधीच लिहून टाकतो, कारण पुढं लिहिता लिहिता माझी हिंमत कुठं सुटेल याचा भरवसा नाही. यापूर्वी दोनदा लिहायला बसलो आणि दोन्ही वेळा त्यांच्या कौतुकाच्या चार गोष्टी लिहून उठलो. कौतुक करायला काही लागत नाही.

मी कोंबड्यांचा डॉक्टर. नायगावच्या पुढं, देगलूर रस्त्यापासून बरंच आत, एका खाद्य कंपनीचं चाचणी केंद्र होतं. नोकरीची पहिली वर्षं मी तिथं काढली. केंद्र म्हणजे काय, तर एकसारख्या दोन शेड, एक गोदाम, एक जनरेटर आणि राहायला दोन खोल्या. आसपास वस्ती नाही. जागा मुद्दाम तशी निवडलेली, गावातल्या कोंबड्यांचा रोग आत येऊ नये म्हणून. त्याच कारणानं तिथल्या माणसालाही नियम होते. घरी कोंबडी पाळायची नाही. लग्नाला, मयतीला गेलं तर तीन दिवस शेडमध्ये पाय ठेवायचा नाही. पाहुणा आला तर फाटकाबाहेर भेटायचं. हे नियम मी कागदावर लिहून भिंतीला लावले होते, आणि ते पाळायचे होते पक्षी सांभाळणाऱ्या एकट्या लिंबाजीमामांनी. मी आठवड्यातले तीन-चार दिवस असायचो. बाकीचे दिवस ते आणि पक्षी.

पन्नाशीच्या अलीकडचे असतील तेव्हा. उंच, खांद्यात जरा वाकलेले. शेडचं दार ठेंगणं होतं, त्यामुळं वाकायची सवय जडली असावी. बायको मुलीच्या लहानपणीच गेलेली. ती मुलगी, सुजाता, लातूरला नर्सिंगला शिकत होती. खोलीत एक बाज, एक स्टोव्ह, भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, आणि सुजाताचा दहावीचा निकाल छापून आलेलं वर्तमानपत्र चौकटीत घालून लावलेलं. तिचं नाव त्यात तिसऱ्या ओळीत होतं. त्याखाली त्यांनी शाईनं रेघ मारलेली.

शेडमध्ये शिरण्याआधी ते दारावर तीनदा टकटक करायचे, घसा खाकरायचे आणि म्हणायचे, "आलो रे, मीच हाय." मग दार उघडायचे. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसलो. ते म्हणाले, "साहेब, तुमच्या खोलीत कोनी न सांगता घुसलं तं तुमी दचकता का न्हाई?"

"दचकतो."

"मंग? तुमी तं एकलेच असता. हे हजार हायत. एक दचकला की हजार दचकत्यात, आन् कोपऱ्यात एकावर एक पडून मरत्यात."

हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. पण पुस्तकात दार वाजवायला सांगितलेलं नव्हतं.

उजेडाचं त्यांना फार. कंपनीनं उजेड मोजायचं एक यंत्र दिलेलं होतं, ते मी कपाटात जपून ठेवायचो. मामांची मोजायची रीत वेगळी. एकदा आमचे मॅनेजर न कळवता नांदेडहून आले. नवीन पिल्लं आलेली. शेडमध्ये डोकावतात तर खाली पसरलेल्या भाताच्या तुसावर पालथे पडलेले लिंबाजीमामा, हनुवटीखाली वर्तमानपत्र.

"काय रे, ड्युटीवर झोपला का?"

"न्हाई साहेब. पेपर वाचून राहिलो."

"ड्युटीवर पेपर?"

"पिल्लाच्या उंचीवरून वाचून राहिलो." मामा उठले नाहीत, तसेच पडून बोलत राहिले, कारण पिल्लं अंगावर चढलेली होती. "इथं बारीक अक्षर दिसतंय. त्या कोपऱ्यात निस्ता मथळा दिसला. तिकडलं पिल्लू दाना कसा हुडकंल? बल्ब दोन हात सरकवा लागतंय."

मॅनेजरांनी माझ्याकडं पाहिलं. मी यंत्र आणून त्या कोपऱ्यात धरलं. मामांचं बरोबर निघालं. मॅनेजर हसत म्हणाले, "डॉक्टर, तुमच्या यंत्रापेक्षा आमचा पेपर स्वस्त." बल्ब मात्र मामांनीच सरकवला.

पहिल्या आठवड्यात त्यांना भरपूर उजेड पाहिजे असायचा. पिल्लाला दाणापाणी सापडलं पाहिजे, अंगात जीव धरला पाहिजे. पण आठवडा उलटला की त्यांचं सुरू व्हायचं, "साहेब, आता ह्येंला रात लागंल." रात लागणं, हा त्यांचाच शब्द. औषध लागावं, पाणी लागावं तशी रात लागते, असं ते बोलायचे. धंद्यातला रिवाज उलटा होता. उजेड असला की पक्षी खातो, खाल्लं की वजन येतं, म्हणून रात्रभर बल्ब. अंधार म्हणजे वाया गेलेले तास. मी मामांना म्हणायचो, "बेचाळीस दिवसांचा तर जीव. झोपेत कशाला घालवायचा?"

"मरायचं तं हायच त्येंला," ते म्हणायचे. "मीबी खातो की कोंबडं, खोटं कामून बोलू. पन तवर तरी नीट उभं ऱ्हाऊ द्या. रातभर जागून नुस्तं खाल्लं, तं उरावर मांस चढतंय आन् पाय तसेच काडीवानी. मंग बसतंय ते बसतंयच. पान्यापसून दोन हातावर तहानून मरतंय."

आणि त्यांची आठवण. ती लिहायलाच हवी. रजिस्टर चाळण्यापेक्षा मामांना विचारणं सोपं होतं. "मामा, गारपीट झाली ती बॅच कोणती?" "उन्हाळ्यातली दुसरी. एकविसाव्या दिसाला गारा पडल्या. तुमी उदगीरला गेलते, चुलतभावाच्या साखरपुड्याला. निळा शर्ट घातलता." माझा शर्ट मला आठवत नव्हता.

दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता ते धुतलेला सदरा घालून कालव्याच्या पुलावर जायचे. फोनला रेंज तिथंच यायची. सुजाता हॉस्टेलवरून फोन करायची. कधी तिची ड्युटी असली, कधी ती विसरली, तर मामा अंधार पडेपर्यंत कठड्यावर बसून राहायचे आणि परत आल्यावर मी न विचारताच म्हणायचे, "आज तिला लई काम हाय." मी एकदा म्हटलं, "तुम्हीच लावा की फोन." ते म्हणाले, "कामात असंल तं? चार पोरींत फोन वाजला की लाजंल." मी माझ्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. माझ्या घरी तेव्हा रोज फोन व्हायचा. त्यांच्याजवळ दहा मिनिटं बसावं असं मला तेव्हा सुचलं नाही. हे गुन्ह्यात धरत नाही, पण आठवतं.

आता मुद्द्याचं.

कंपनीला उजेडाची चाचणी करायची होती. शेड एकमध्ये रोज सहा तास अंधार. शेड दोनमध्ये चोवीस तास उजेड. पिल्लं एकाच दिवसाची, खाद्य एकच, माणूस एकच. शेवटी वजन, मरतूक आणि लंगडे पक्षी मोजायचे आणि ठरवायचं, की आपल्याकडून पिल्लं घेणाऱ्या शेतकऱ्यांनी बल्ब किती वेळ लावायचा. नांदेड आणि लातूर, दोन्ही जिल्ह्यांतल्या शेडवर त्याचा चार्ट लागणार होता. चाचणी माझ्या नावावर होती. माझ्या उमेदीतलं पहिलं मोठं काम.

लोडशेडिंगचे दिवस होते. आता तरुण पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही, पण त्या काळात रात्रीचे चार-चार तास वीज जायची. वीज गेली की शेड दोनसाठी जनरेटर चालू करायचा, हे मामांचं काम. सकाळी मी विचारायचो, "रात्री सगळं ठीक?" ते म्हणायचे, "ठीक." मी रजिस्टरमध्ये उजेडाच्या रकान्यात 'चोवीस' लिहायचो. बॅच संपेपर्यंत तेच विचारलं आणि तेच लिहिलं.

शेवटी वजनं झाली. शेड दोनचे पक्षी शेड एकपेक्षा थोडे जड भरले, आणि मला आश्चर्य वाटलं ते त्यांच्या पायांचं. चोवीस तास उजेडात वाढलेले पक्षी लंगडायला हवे होते. हे तर दार उघडताच पळून कोपऱ्यात जात होते. धरायला गेलं तर हाताला लागत नव्हते. मॅनेजर फोनवरच ओरडले, "म्हणजे डॉक्टर, उजेडानं काही बिघडत नाही! वजन तेवढं जास्त!" मी पेढे आणले. मामांच्या हातावर ठेवत सांगितलं, काय निघालं ते.

त्यांनी पेढा तोंडात घातला नाही. म्हणाले, "मंग आता समद्याला उजेडाचंच सांगनार?"

"समद्यांना. चार्ट छापणार."

 दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या खोलीचं दार तीनदा वाजलं.

"साहेब, माझी चुकी झाली. मी जनरेटर लावला न्हाई."

मला आधी कळलंच नाही. ते उभ्या उभ्याच सांगत राहिले. पिल्लं नऊ दिवसांची होती तेव्हा पहिल्यांदा रात्री वीज गेली. ते जनरेटरकडं निघाले आणि जाळीपाशी थांबले. आत हजार पिल्लं हळूहळू बसत होती, माना पिसांत घालत होती. "झोपली हो साहेब. इतकी गप झाली का मला वाटलं, आता फटफट लावून उठवावं कसं." एकदम अंधार झाला तर घाबरून ढीग होईल म्हणून त्यांनी दुसऱ्या रात्रीपासून जाळीबाहेर कंदील टांगला, वीज गेल्यावर वात थोडी थोडी खाली केली, दिवस मावळावा तशी. ज्या रात्री वीज गेली नाही त्या रात्री त्यांनी स्वतः शेड दोनचा खटका पाडला. शेवटच्या आठवड्यापर्यंत रोज चार तास.

"रोज?"

"रोज. तुमी इचारलं, ठीक हाय का. ठीकच हुते ते." मग खाली पाहून म्हणाले, "मला काय मालूम ते चार्टात येनार. मला वाटलं, ह्येच हजार पक्षी हायत, ह्येंच्यापुरतं. आता ते लिवा तुमी. का शेड दोनला चार तास अंधार हुता. माझं नाव टाकून लिवा."

चाचणी सगळी बाद होत होती. तयारीसकट चार महिने, कंपनीचा खर्च, मॅनेजरांचा तो फोन. पण खरं सांगायचं तर बाद होत नव्हती. चार तास अंधारातही वजन चांगलं येतं आणि पाय शाबूत राहतात, हीच मोठी गोष्ट निघाली होती, आणि ती त्या माणसानं माझ्या दारात आणून ठेवली होती. मी ती लिहू शकलो असतो. फक्त त्याबरोबर हेही लिहावं लागलं असतं, की जनरेटरचा आवाज येतो का याकडंही माझं लक्ष नव्हतं आणि मी एकदाही रात्री उठून शेड दोन पाहिली नाही.

मी म्हणालो, "मामा, हे कुणाला बोलू नका. तुमची नोकरी जाईल."

"जाऊ द्या. पन ते लिवा."

"सुजाताचं शिक्षण व्हायचंय."

मी मुलीचं नाव घेतलं. ते वळून शेडकडं गेले. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की त्यांच्या भल्यासाठी घेतलं. त्यांच्या भल्याचा विचार त्या क्षणी माझ्या डोक्यात नव्हता.

अहवाल गेला. चार्ट छापून आला. रंगीत, गुळगुळीत कागदाचा, वर पिवळ्या बल्बचं चित्र. पहिल्या दिवसापासून शेवटापर्यंत चोवीस तास उजेड. त्यानंतर मी केंद्रावर आठ-नऊ महिने होतो. मामा काम तसंच करत राहिले, पण दर पंधरा दिवसांनी, काहीतरी दुसरंच बोलता बोलता, विचारायचे, "ते लिवलं का साहेब?" मी म्हणायचो, "बघतो." पुढं माझी बदली बढतीवर लातूरला झाली. निघताना त्यांनी मला दोन किलो हुरडा दिला आणि तेवढं एक विचारलं नाही. बरं वाटलं होतं मला तेव्हा.

वर्षं गेली. केंद्र बंद झालं. मी दोन्ही जिल्ह्यांचा प्रमुख झालो. चार्टाखाली नाव कंपनीचं होतं, माझं नव्हतं, पण मी वर चढलो तो त्याच कागदावर पाय देऊन. शेड पाहायला जायचो तेव्हा लंगडे पक्षी दिसायचे, फीडरच्या कडेला छातीवर बसलेले, पिसं झडून छाती लाल झालेली. तरणाताठा पक्षी फडफडून उलटा पडायचा आणि पाय वर करून मरायचा. शेतकरी विचारायचा, "असं कामून होऊन राहिलं?" मी खाद्य बदलून द्यायचो, कॅल्शियम लिहून द्यायचो, तुसाची ओल दाखवायचो. चार्टाकडं बघायचो नाही.

मग एक दिवस देवणीकडून शिवराजअप्पांचा फोन आला. अप्पा मोठे शेतकरी, मनानं चांगले, तोंडानं फटकळ. गावाबाहेर त्यांची पाच हजारांची शेड. "साहेब, या एकदा. नवीन ठेवलेला मानूस डोस्क्यावर बसलाय."

गेलो तर शेडच्या दारात लिंबाजीमामा. केस पांढरे झालेले, वाकणं वाढलेलं. मला पाहून त्यांनी हात जोडले, "जय भीम, साहेब," आणि अगदी सरळ, आनंदानं हसले. केंद्र बंद झाल्यावर वर्षभर लातूरला लेकीकडं राहिले, करमेना, म्हणून पुन्हा शेडवर आले होते. त्यांच्या मागं भिंतीवर तो चार्ट होता.

अप्पा आदल्या दिवशी उदगीरहून लग्न आटोपून उशिरा परतले आणि रस्त्यावरून त्यांना शेड अंधारात दिसली होती.

"तुमचा चार्ट म्हंतोय उजेड," अप्पा म्हणाले, "आन् ह्यो बाबा अंधार करून बसतोय. वीज गेली म्हनावं, तं गावात दिवे. इचारलं, तं मला म्हंतोय चार्ट चुकीचा हाय. म्हटलं, तुला कोन सांगितलं? तं म्हंतोय, डॉक्टरसाहेबाला मालूम हाय. आता तुमीच सांगा. खरं हाय का?"

अप्पांचा शेजारी होता, आमचा सुपरवायझर होता. मामा माझ्याकडं बघत होते. त्यात विनवणी नव्हती. दोघांनी मिळून पाहिलेली गोष्ट तिसरा कुणी विचारतो, तेव्हा आपण दुसऱ्याकडं कसं बघतो, तसं ते बघत होते. त्यांना वाटलं असेल, आता तरी. एवढी माणसं आहेत, विचारणारा धनी आहे, आणि सांगणारा समोर आहे.

मी म्हणालो, "अप्पा, मामा थकलेत आता. वय झालं. विसरतात."

एवढंच. वाक्य आधी ठरवलं नव्हतं, तोंडातून आपोआप आलं. खोटं इतक्या सहज येतं हे मला त्या दिवशी कळलं. अप्पांचा राग क्षणात उतरला. ते मऊ आवाजात म्हणाले, "मंग तसं हाय व्हय. आमच्या काकाचं बी असंच झालतं."

मामांनी कोपऱ्यातल्या बादलीत हात धुतले. धोतराला पुसले. माझ्याजवळून जाताना थांबून म्हणाले, "साहेब, मी इसरलो न्हाई." तक्रार म्हणून नाही, माहिती दिल्यासारखं. मग चपला घालून शेडमागच्या खोलीकडं सामान बांधायला गेले. मी अप्पांच्या घरी चहा घेतला. चहाबरोबर चिवडा होता, तोही खाल्ला.

माझ्या वाक्याचं पुढं काय झालं, ते मला फार उशिरा समजलं.

दरम्यान कंपनीनं चार्ट बदलला. बाहेरच्या देशांतून पिल्लांबरोबर नव्या सूचना आल्या: पहिला आठवडा भरपूर उजेड, नंतर रोज काही तास सलग अंधार, तोही हळूहळू करायचा. उदगीरला शेतकऱ्यांची बैठक घेतली. मी माइक हातात घेऊन सांगितलं, की अंधारात पक्षी झोपतो, झोपेत हाडं भरतात, सुरुवातीला वाढ जरा मागं राहते पण नंतर भरून निघते, लंगडणं कमी होतं, अचानक मरणं कमी होतं. मागून एक जण उठला. "मंग साहेब, इतके साल?"

मी म्हणालो, "शास्त्र पुढं जात असतं."

टाळ्या पडल्या. बैठक संपल्यावर हॉलमध्ये खुर्च्या उचलत होते आणि मी तिथंच बसून राहिलो. एवढ्या लोकांत मला त्या दिवशी बोलायला एकच माणूस हवा होता, आणि त्याचा पत्ताही माझ्याकडं नव्हता.

तो पत्ता मिळवायलाही मी दोन वर्षं लावली. यंदा दिवाळीच्या आधी कळलं, की मामा नायगावजवळ पुतण्याच्या गावी असतात. नवा चार्ट गुंडाळी करून गाडीत टाकला आणि गेलो. गावात शिरायच्या आधीच ते दिसले. डांबरी रस्त्याच्या अर्ध्या भागात लांबपर्यंत सोयाबीन वाळत घातलेलं, कडेला दगड मांडलेले, आणि बाभळीखाली पोत्यावर बसलेले लिंबाजीमामा, हातात काठी. कुणाकुणाचं सोयाबीन होतं ते. सगळ्यांच्यात मोकळा माणूस म्हणून राखणीला बसवलेले.

त्यांनी ओळखलं. "डॉक्टरसाहेब. जाड झाले." मग पोत्यावर जागा करून दिली.

मी चार्ट उलगडला. त्यांनी तो मांडीवर घेतला आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचली. फार वेळ लागला. शेवटी म्हणाले, "बरं केलं. आठ दिसानंतरच म्हंत्यात हेबी. कंदिलाचं न्हाई लिवलं."

"मामा, मी..."

"ऱ्हाऊ द्या."

"नाही, बोलू द्या. त्या दिवशी अप्पांपुढं मी खोटं बोललो. मला घाबरायला झालं."

ते समोर दाण्यांकडं बघत राहिले. मग शांतपणे त्यांनी सांगितलं, की अप्पांनी त्याच दिवशी सुजाताला फोन केला होता. चांगल्या मनानंच. "बाई, वडलाला घेऊन जावा, डॉक्टरसाहेब सोता म्हनले का इसराया लागले." सुजाता दवाखान्यात नर्स. तिनं ते मनावर घेतलं. वडलांच्या तपासण्या केल्या, गोळ्या सुरू केल्या. एकटं गॅसपाशी जाऊ देईना. नातवाला शाळेत सोडू देईना. "मी काय बी सांगितलं, तं दोगं नवरा-बायको एकामेकाकडं बगत्यात. मी म्हनलं, दूधवाल्याला सकाळीच सांगितलं, तं 'हाव बाबा, हाव' म्हंत्यात, आन् परत फोन लावून इचारत्यात. गोड बोलत्यात लई. पन माझं बोलनं धरीत न्हाईत. मंग हिकडं आलो." मग म्हणाले, "शेड गेली त्येचं काय न्हाई, साहेब. तुमी एकदा पोरीला सांगा. मी इसरत न्हाई म्हनून. डॉक्टरनं सांगितलं तं ती धरंल."

मी तिथंच फोन लावला. त्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला. सुजाताताईनं उचलला. मी नाव सांगितलं आणि एका दमात सगळं बोललो. शेड दोन, जनरेटर, चार्ट, देवणी. "तुमचे वडील विसरत नाहीत. कधीच विसरत नव्हते. मी खोटं बोललो होतो."

 ती हळू आवाजात म्हणाली, "सर, बाबा समोर आहेत का?"

"हो."

"त्यांनीच सांगायला लावलं असेल. मागं शेजारच्या मास्तरांना पण लावलं होतं. सर, तुम्ही एवढ्या लांब त्यांना भेटायला गेलात, तुमचे उपकार आहेत. पण त्यांच्यासमोर असं नका म्हणू. मग ते गोळ्या घेत नाहीत."

"ताई, खरंच मी..."

"हो सर. कळलं मला. ड्युटीवर आहे, ठेवू का?"

फोन बंद झाला. मामांनी सगळं ऐकलं होतं. मी म्हणालो, "मी लातूरला जातो. समोर बसून सांगतो. लिहून देतो." गेलो नाही असं नाही, गेलो. तिनं चहा दिला, ऐकून घेतलं, आणि निघताना पुन्हा उपकार मानले. हे सगळं आता लिहून तिच्याकडं पाठवणार आहे. पण ती आता काही धरणार नाही, हे त्या दिवशी रस्त्यावर मामांना कळून चुकलं होतं, मला नाही. त्यांनी चार्टाची नीट गुंडाळी केली आणि माझ्या हातात दिली.

मी गाडीत जाऊन बसलो. ते काठी टेकत जवळ आले. मला वाटलं, काही सांगतील. त्यांनी वाकून चाकाकडं पाहिलं.

"साहेब, गाडी जरा मागं घ्या. दान्यावर हाय."

मी गाडी मागं घेतली. समोरच्या काचेतून पाहिलं, तर ते रस्त्यावर उकिडवे बसले होते आणि चिरडलेलं सोयाबीन एका हातानं बाजूला करून, शाबूत दाणे वेचून परत राशीत टाकत होते.